लाल रेघ कुठल्या बाजूला

३ सप्टेंबर
कॅम्प, कोअरची शेड

प्रिय गिरमिट,

फोन तू उचलत नाहीस, आणि कॅम्पवरचा फोन माणूस मरायला टेकला तरच वापरायचा असा साहेबांचा हुकूम आहे. म्हणून पत्र. डिझेलचा टँकर दहा-अकरा दिवसांनी खाली जातो, त्याच्या ड्रायव्हरच्या हाती देतोय.

काम किरकोळ आहे. भोक क्रमांक तीन आणि चार पाडताना दिवसपाळीला तू होतास. कांडी बाहेर आली की तिच्यावर लाल पेन्सिलीची रेघ तू कुठल्या बाजूला ओढायचास? जमिनीत असताना तिची जी बाजू खाली होती तिच्यावर, की जी वर होती तिच्यावर? एका शब्दात कळव. वर किंवा खाली. जास्त काही लिहायची तसदी घेऊ नकोस.

चार महिन्यांनी दादाला ही चौकशी कुठून सुचली, असं तू म्हणशील. वार्षिक अहवालाला एक परिशिष्ट जोडायचंय, त्यात कामाच्या पद्धती नोंदवायच्या असतात, एवढंच. तुझं उत्तर त्याला जोडता यावं म्हणून झालेला प्रकार पहिल्यापासून लिहितो. चुकत असेल तिथे दुरुस्त कर.

आपण या पठारावर तांब्यासाठी तिरकी भोकं पाडत होतो. दर तीन मीटरला नळीतून दगडाची गोल कांडी, म्हणजे कोअर, वर येते. वर येताना ती गरागरा फिरते, त्यामुळे जमिनीत तिची कुठली बाजू खाली होती हे बाहेर कळत नाही. ते कळावं म्हणून नळीत एक यंत्र असतं, ते पाहून ड्रिलर कांडीवर रेघ ओढतो. मग मी शेडमध्ये ती रेघ धरून कांडी जमिनीत होती तशी ठेवतो आणि तिच्यातली तांब्याची शीर कुठल्या दिशेला कलते ते मोजतो. शीर फक्त तीन आणि चारमध्ये लागली होती, आणि ती दोन्ही भोकं एका रांगेत. म्हणजे पुढे जमिनीखाली ती पूर्वेला उतरते की पश्चिमेला, हे कळायला लाल रेघेवाचून दुसरा आधार नव्हता.

तुझ्या पाळीची रेघ आणि दुसऱ्या पाळीच्या मिस्त्रीची रेघ जुळेना. तुकडे टोकाला टोक लावून ठेवले की तुझी या बाजूला, त्याची बरोब्बर उलट्या बाजूला. दोघांतला एक जण रेघ उलटी ओढत होता. बैठकीत असं ठरलं की तो तू. त्याप्रमाणे मापं फिरवली, शीर पश्चिमेला उतरते असं निघालं, आणि तुला घरी पाठवण्यात आलं.

इथे बाकी सगळं ठीक. वारा सुटलाय, शेडच्या पत्र्यावर दिवसभर खडे वाजतात. आचाऱ्यानं तुझी आठवण काढली. तुझ्यामागे त्याच्या चहाला नावं ठेवणारं कुणी उरलं नाही म्हणतो.

उत्तराची वाट बघतो.

दादा


१४ सप्टेंबर

प्रिय गिरमिट,

टँकर आला. डिझेल आलं, बटाटे आले, तुझं पत्र आलं नाही.

परिशिष्टाची मी थाप मारली. असलं परिशिष्ट कुठल्याच अहवालाला नसतं, हे तुला वाचता वाचताच कळलं असणार. तुझ्यापासून लपवायची माझी खोड जुनी, आणि मला पकडायची तुझीही.

खरं असं आहे. तू गेल्यावर आम्ही पश्चिमेला सहा भोकं पाडली. पंधराशे मीटर दगड वर काढला. सगळा करडा, चुन्याचा, घराच्या पायरीला लावतात तसला. तांबं म्हणशील तर एक वाटी घडवण्याइतकंही नाही. सहावं कोरडं निघालं त्या दिवशी साहेब जेवायला माझ्या बाकावर बसले नाहीत, ताट उचलून पलीकडे गेले. परवा त्यांनी जाहीर केलं की बर्फ पडायच्या आत भोकं पाडायची रिग उतरवायची आणि सगळ्याला कुलूप लावायचं.

गेल्या मंगळवारी मी कांड्यांचे जुने ट्रे पुसत बसलो होतो. काम नसलं की मी ट्रे पुसतो आणि तू म्हणायचास, दादाची भांडी घासायची वेळ झाली. भोक तीन, साठ ते पंच्याहत्तर मीटर. तिथे तांबं नाही म्हणून मी वहीत ‘बारीक पोकळ्या’ असे दोन शब्द खरडून पुढे गेलो होतो. पोकळ्या नखाएवढ्या आहेत. एकीवर ओला बोळा फिरवला आणि आत गाळ बसलेला दिसला. कधीकाळी त्या पोकळीत गढूळ पाणी होतं, माती तळाशी बसली, तिचाच पुढे दगड झाला. पेल्यात अर्धं पाणी असावं तसा तो गाळ अर्ध्यापर्यंत आहे आणि त्याचा माथा सपाट आहे.

गाळ खालीच बसतो रे. तो कुणाचा भाऊ नसतो, आणि त्याला सर्टिफिकेटही लागत नाही.

या पठारावरचे थर फरशीसारखे सपाट आहेत, आजवर कधी कललेले नाहीत. म्हणजे त्या गाळाचा माथा आजही आडवाच असायला हवा. मी कांडी पकडीत धरली, भोकाइतकी तिरकी केली, तुझी लाल रेघ खाली ठेवली आणि शेजारी गवंड्याची पाणसळ लावली. गाळ पाणसळीशी तंतोतंत समांतर. मग कांडी फिरवून रेघ वर आणली. गाळ उतरत्या छपरासारखा तिरका झाला. तुझ्या पाळीतल्या अशा अकरा पोकळ्या सापडल्या. अकराही वेळा रेघ खाली ठेवली तरच गाळ आडवा. मिस्त्रीच्या पाळीतल्या सात सापडल्या. सातही वेळा रेघ वर ठेवली तरच आडवा.

तुझी रेघ बरोबर होती. शीर पूर्वेला उतरते. आम्ही सहाही भोकं तिच्याकडे पाठ करून पाडली.

आणखी एक. मागच्या पत्रात मी ‘बैठकीत ठरलं’ असं लिहिलं. बैठक काही ठरवत नसते. साहेबांनी विचारलं, भूवैज्ञानिक म्हणून तुमचं मत काय, आणि मी तुझं नाव घेतलं. मिस्त्रीचं सर्टिफिकेट चौकट करून तंबूत टांगलेलं होतं आणि तू माझ्या हाताखाली शिकलेला. त्याच आठवड्यात तुझ्या हातून एक ट्रे पडला होता. ही कारणं त्या दिवशी मला पुरेशी वाटली.

हे वाचून निदान एक शिवी तरी लिहून पाठव.

दादा


२६ सप्टेंबर

धाकटे,

घरात सगळे तुला धाकटी म्हणतात म्हणून मीही म्हणतो. मोठ्या दिरानं भावजयीला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. मायना काय घालावा सुचेना, म्हणून घातलाच नाही.

तुझं पत्र मिळालं. तो माझी पत्रं उघडत नाही आणि तू वाचून दाखवतेस, हे कळलं. एका अर्थी बरं झालं. मी कामाच्या गोष्टी जरा फोड करून लिहिल्या होत्या, त्या तुलाही समजल्या असतील. पहिलं पत्र वाचल्यावर तो जेवता जेवता ‘खाली’ एवढंच म्हणाला आणि हात धुवायला उठला, असं तू लिहिलंस. तो एक शब्द मी चार महिन्यांपूर्वी विचारायला हवा होता. विचारला नाही.

दुसरं पत्र ऐकून तो हसला, हे मात्र मला झेपलं नाही. तू त्याचे शब्द जसेच्या तसे लिहिलेस: “दादा माझी समजूत घालतोय गं. लहानपणी मी गोट्यांत हरलो की असाच सांगायचा, तू नाही चुकलास, जमीनच उताराची होती.” खरं आहे, सांगायचो. तेव्हा जमीन उताराची नसायची. आता आहे, तर तो ऐकत नाही.

तू बाकीचं जे कळवलंस ते मी तीनदा वाचलं. हल्ली तो काम करतो त्या गोदामातल्या खोक्यांवर बाण छापलेला असतो, ‘ही बाजू वर’, तरी तो दोघांना विचारल्याशिवाय खोकं ठेवत नाही. आधी लोक हसायचे, आता वैतागतात. गॅस बंद केला की तुला हाक मारतो, “तू बघ गं एकदा.” विहिरी खोदणाऱ्या रिगवाल्यानं आपणहून बोलावलं तेव्हा हा गेला, अर्धा तास फाटकाशी उभा राहिला आणि परत आला. वर तुला म्हणाला, “माझ्या हातून काही उलटंसुलटं झालं तर?” अगं, हा तोच माणूस आहे ज्यानं सातव्या वर्षी सुताराचं गिरमिट पळवून घराच्या दाराला नऊ भोकं पाडली होती. आईनं विचारलं, हे काय केलंस? तर म्हणे, सगळी एका रेषेत आहेत, बघ. आणि होतीही. तेव्हापासून तो गिरमिट.

मला वाटलं होतं तो रागावून बसलाय. राग असता तर मी तो काढला असता. तो स्वतःला खरोखर चुकलेला समजतोय, हे तुझ्या पत्रावरून पहिल्यांदा कळलं.

तुझा प्रश्न असा: “भाऊजी, तुम्ही चुकलास म्हणालात ते त्यांनी एका क्षणात ऐकलं. आता बरोबर होतास म्हणताय ते ऐकेनात. असं का?” याचं उत्तर माझ्याजवळ आहे. पण ते मी त्यालाच लिहीन. वाचून तुलाच दाखवावं लागेल, त्याला माझा इलाज नाही.

त्याला खायला नीट घालतेस ना, हे विचारायचा मला हक्क नाही. तरी विचारतो.

भाऊजी


९ ऑक्टोबर

प्रिय गिरमिट,

धाकटी, हे वाचताना मध्ये थांबू नकोस. तो उठून गेला तरी दारापर्यंत मागे जा आणि पुरं कर.

मी मिस्त्रीला विचारलं. तो रिगखाली बसून साखळीला तेल देत होता. म्हटलं, “मिस्त्री, रेघ कुठे ओढता? वर की खाली?” तो म्हणाला, “वर. का हो? सगळे वरच ओढतात ना?” जिथे तो शिकला तिथे वर ओढायची पद्धत होती. इथे आल्यावर त्यानं कुणाला विचारलं नाही आणि त्याला कुणी सांगितलं नाही. ड्रिलरला रेघ कुठे ओढतोस विचारणं म्हणजे शिंप्याला सुईचं टोक कुठल्या बाजूला असतं विचारण्यासारखं, म्हणून आम्ही सगळे शहाणे गप्प राहिलो. गाळाचं त्याला समजावलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. मी म्हटलं, एवढं कागदावर लिहून द्या. त्यानं तेलकट हात जोडले. “तोंडी हजारदा सांगतो, साहेब. कागद नको. घरी तीन लेकरं आहेत.” मी आग्रह केला नाही. एकाचं नाव वाचवायला दुसऱ्याचं घालवायचं, हे मी एकदा करून बसलोय.

आता धाकटीच्या प्रश्नाचं उत्तर.

रेघ ओढायला तुला मी शिकवलं. ‘पोट जमिनीकडे, रेघ पोटावर’ असं मी सांगितलं होतं, आणि तू पहिला महिनाभर ते पुटपुटत काम करायचास, पोरं तुला चिडवायची. तू रेघ वर ओढणं शक्यच नव्हतं. हे मला बैठकीत माहीत होतं. अंदाज होता, शंका होती असं नव्हे, माहीत होतं. आदल्या दिवशी ट्रे पडला त्यावरून साहेब मला म्हणाले होते, “तुमचा भाऊ आहे, म्हणून तुम्ही त्याला झाकता.” ते वाक्य माझ्या डोक्यात घर करून बसलं. दुसऱ्या दिवशी मला तांब्याचं काही पडलं नव्हतं. मी कुणाला झाकत नाही, एवढंच मला चारचौघांत दाखवायचं होतं.

आणि तू भांडला नाहीस. तू माझ्याकडे वळलास आणि विचारलंस, “दादा, मी खरंच वर ओढली असेन का रे?” तेव्हाही वेळ गेली नव्हती. मी म्हणालो, “ओढली असशील.”

‘चुकलास’ हे तू एका क्षणात ऐकलंस ते यामुळे. बाकी कुणी सांगितलं असतं तर तू त्याची गचांडी धरली असतीस.

हे लिहून माझ्या मनावरचं ओझं काही कमी झालेलं नाही, त्यामुळे मी स्वतःच्या समाधानासाठी लिहितोय असं समजू नकोस. मला तुला एकच गोष्ट पटवायची आहे. तुझा हात चुकला नव्हता. माझी जीभ चुकली.

आता ऐक. साहेबांच्या मागे लागून मी चार दिवस मिळवलेत. पूर्वेला एक भोक. शीर एकशेसत्तर मीटरला लागायला हवी. ज्या ओढ्यात तू पहिल्या वर्षी पाय धुवायला बसलास आणि ओरडलास, “दादा, दगडाला हिरवं लागलंय,” त्याच्या पलीकडच्या चढावर जागा आहे. मी तीन वर्षं नकाशे काढत हिंडलो आणि तांबं दिसलं ते चपला काढून बसलेल्या तुला. त्या वेळी मी साहेबांना पाठवलेल्या टिपणात ‘आम्हांस आढळले’ असं लिहिलं होतं. तेही आता लिहून टाकतो.

तांबं लागलं की मुख्य कचेरीला तोंड उघडावंच लागेल. मग तरी तू मानशील.

दादा


२२ ऑक्टोबर

प्रिय गिरमिट,

तांबं लागलं नाही.

‘नव्हतं’ असं नव्हे. आम्ही तिथवर पोचलोच नाही. पहिल्या दिवशी अठ्ठेचाळीस मीटर, दुसऱ्या दिवशी एकूण त्र्याण्णव. मिस्त्री जीव तोडून काम करत होता. या वेळी त्यानं रेघ खाली ओढली, आणि दर कांडीला मला शेडमधून बोलावून दाखवली. मी म्हटलं, पुरे, विश्वास आहे माझा. तरी बोलवायचा. मला तुझं गोदाम आठवायचं. तिसऱ्या दिवशी एकशेएकतीस मीटरला भोकात सोडलेलं पाणी एकाएकी गायब झालं. खाली मोठी भेग असणार. पाणी गेलं तसे भोकातले रॉड जागच्या जागी आवळले. ओढले, ठोकले, तेल सोडलं, गरम पाणी सोडलं. चौथ्या दिवशी सकाळीच बर्फ सुरू झालं. दुपारी बारा वाजता साहेब छत्री घेऊन चढ चढून आले, घड्याळ बघितलं आणि म्हणाले, “कापा.” रॉड जमिनीलगत कापले. बाकीचे आत राहिले.

एकोणचाळीस मीटर उरले होते. आमच्या शेडपासून स्वयंपाकाच्या तंबूपर्यंत तेवढंच अंतर आहे, मी पावलांनी चालून पाहिलं. सहा भोकं भलत्या बाजूला अडीचशे-अडीचशे मीटर गेली तेव्हा एक रॉड अडकला नाही. मी काहीही करू शकलो नाही रे. मी भूवैज्ञानिक, म्हणजे रिग चालत असताना हातावर हात ठेवून उभा राहणारा माणूस. त्या दिवशी रिगही चालत नव्हती. तू असतास तर रॉड सुटले असते असं मिस्त्री म्हणाला. तू पाणी जायच्या आधी आवाजावरून ओळखायचास, हे त्यालाही माहीत होतं.

त्याच दिवशीच्या टँकरनं मुख्य कचेरीचं उत्तर आलं. मी त्यांना अठरा पोकळ्यांचे फोटो, मापं आणि बैठकीत मी जाणूनबुजून चुकीचं मत दिलं अशी कबुली पाठवली होती, सहीनिशी. उत्तर दोन ओळींचं आहे. दुसरी ओळ जशीच्या तशी देतो: ‘सदर कामगाराशी आपले सख्ख्या भावाचे नाते असल्याने आपला खुलासा विचारात घेता येत नाही.’ फोटोंबद्दल एक अक्षर नाही.

वाचून मी हसलो. आचारी घाबरून बघायला आला. तू भाऊ आहेस म्हणून मी तुला खोटं चूक ठरवलं. आता खरं बरोबर म्हणतोय, तर तू भाऊ आहेस म्हणून ते ऐकत नाहीत. कुठे जाऊन सांगू?

फोटो तुलाही पाठवतोय. मागे क्रमांक घातलेत. पाणसळीचा बुडबुडा नीट बघ. तुला दुसऱ्या कुणाला विचारायची गरज पडू नये म्हणून मी प्रत्येक फोटोत बुडबुडा मध्ये येईपर्यंत थांबलोय. हे सगळं तुझ्या डोळ्यांनी बघ आणि तुझं तूच ठरव. माझं ऐकू नकोस.

शेडला उद्या कुलूप लागेल. ट्रे सगळे आतच राहतील. खाली शहरात खोली घेतली की पत्ता कळवतो.

दादा


१७ नोव्हेंबर
शहरातली खोली

धाकटे,

एकाच लिफाफ्यात दोन पत्रं निघाली, एक त्याचं आणि एक तुझं. त्याचं अक्षर पाहून मी खाटेवर बसलो. घाईनं फोडताना कोपराही फाडला.

त्यानं काय लिहिलंय ते तू वाचलं नसशील, कारण तुला न दाखवता घातलंय असं तूच म्हणतेस. तुला कळायला हवं म्हणून उतरवून देतो:

‘दादा, फोटो मिळाले. छान आलेत. किती खटपट केलीस. माझ्या एका चुकीपायी तू साहेबांपुढे वाईट झालास, कचेरीला खोटी कबुलीसुद्धा लिहून दिलीस, हे वाचून मला रडू आलं. कुणाचा भाऊ एवढं करतो? पण आता पुरे कर. तुला बरं वाटणार असेल तर मी मान्य करतो, रेघ मी खालीच ओढली होती. तू जिवाला लावून घेऊ नकोस. तब्येतीला जप.’

कळलं का तुला? तो मला बरं वाटावं म्हणून मान्य करतोय. मी गोट्यांच्या वेळी त्याची समजूत काढायचो, तशी आता तो माझी काढतोय. मी दगड दाखवला, मिस्त्रीचे शब्द लिहिले, स्वतःचा खोटेपणा उघडा केला. जे जे खरं लिहावं ते ते त्याला माझी माया वाटतं. रागावून त्यानं माझं तोंड बघायचं नाकारलं असतं तर मी दारात जाऊन बसलो असतो. आता कुठे जाऊन बसू? तो तर मला आत बोलावून चहा देईल.

आणि तुझं पत्र. “भाऊजी, राग मानू नका, पण तुमचं पत्र आलं की दोन-तीन दिवस त्यांचं फार वाढतं. फोटो आल्यापासून तर कुलूप लावून अर्ध्या वाटेतून परत येतात. आपण चुकलो आणि झालं ते झालं, असं धरून ते थोडे स्थिर झाले होते. तुम्ही बरोबर म्हणालात की त्यांना आपलं काहीच आठवत नाही असं वाटायला लागतं. पत्ता कळवताना रविवारी येऊ का विचारलंत, तर येऊ नका. आणि रेघेचं आता लिहू नका. हात जोडते.”

तुझा राग कसा मानू? माझ्याजवळ त्याचा उपाय आहे असं मी धरून चाललो होतो. मी तर त्याचा आजारच निघालो.

सोबत त्याच्यासाठी माझं पत्र घातलंय. आधी तू वाच. त्यात काही सलण्यासारखं राहिलं असेल तर देऊ नकोस, मला कळव, मी पुन्हा लिहीन. या कामाला मला आता भरपूर वेळ आहे.

भाऊजी


१७ नोव्हेंबर

प्रिय गिरमिट,

तुझं पत्र मिळालं. अक्षर सुधारलंय की रे तुझं.

मी इथे बरा आहे. खोली दुसऱ्या मजल्यावर, खाली सायकल दुरुस्तीचं दुकान, दिवसभर पंपाचा फुसफुस आवाज. कचेरीत जुन्या नकाशांच्या सूचीचं काम दिलंय. तळघरात बसतो, हिटर चालतो, त्रास काही नाही. घरमालकीण जरा तापट आहे, पण नळाचा वायसर मी बदलून दिल्यापासून गोड बोलते.

तू लिहिलंस ते मी नीट वाचलं. विषय आता संपला. मीही फार ताणलं. माणसाच्या हातून कामात चूक होते, त्याचं एवढं काय. तूही मनातून काढून टाक, मीही काढतो. गोदामात वेळेवर जात जा, धाकटीला त्रास देऊ नकोस.

तू मान्य केलंस म्हणून मला फार बरं वाटलं.

दादा